अंदाजपंचे छत्तीस

हल्लीचा मोबाईल माणसाला फोटो काढू देत नाही. तो स्वतःच काढतो आणि माणसाला ‘मी काढला’ असं म्हणायची मुभा देतो. उजेड किती घ्यायचा, चेहरा कुणाचा पकडायचा, त्यावरच्या सुरकुत्या ठेवायच्या की पुसायच्या, आभाळ किती निळं करायचं, हे सगळं तो परस्पर ठरवतो. आमच्या शेजारणीचा असा एक फोटो पाहून तिच्या सख्ख्या भावाने “ह्या कोण?” असं अदबीने विचारलं होतं.

हाताने चालवायच्या, रोलच्या कॅमेऱ्याचा स्वभाव अगदी निराळा. त्याला काहीच कळत नाही आणि कळतं असा आवही तो आणत नाही. ऊन आहे की ढग, समोर माणूस आहे की म्हैस, ती लांब आहे की अंगावर आली आहे, सगळं आपण सांगायचं. तो ऐकतो. चूक सांगितलं तर चूक ऐकतो. असा आज्ञाधारक जीव घरात शिरला की घरातल्या प्रत्येकाला आज्ञा सोडायचा मोह होतो, हे आम्ही गेल्या उन्हाळ्यात पाहिलं. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेला आमचा भाचा असा एक कॅमेरा गळ्यात अडकवून सुट्टीत बुलढाण्याला आला. दिवसभर पडद्याकडे पाहून कंटाळलेली त्याच्या वयाची बरीच मुलं आता या जुन्या कॅमेऱ्यांच्या नादी लागली आहेत म्हणे. आमच्या पिढीला कंटाळा आला की आम्ही झोपत असू.

कॅमेरा होता झेनिट-ई. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात 1965 पासून पुढे कैक वर्षं हा निघत होता आणि तीस लाखांहून जास्त निघाला. ज्या काळात सोव्हिएत रशियातून स्वस्त आणि सुबक मराठी गोष्टींची पुस्तकं आपल्याकडे यायची, त्याच काळातलं हे धूड. देश 1991 साली मोडला. कॅमेरा अजून मोडायचा आहे. लेन्ससकट वजन जवळजवळ किलोभर. आमच्या घरात त्याचा खरा उपयोग पहिल्याच दिवशी लागला. सौ.ने तो कैरीच्या फोडींना सुटलेलं पाणी वर यावं म्हणून ताटलीवर दाब द्यायला ठेवला. भाचा किंचाळत आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अरे, तुला फोटो काढायचा असेल तेव्हा घे ना.”

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एका चकतीजवळ रशियन अक्षरं होती. भाच्याला ती लागेनात. आमच्या आबांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन निर्वाळा दिला, की ही मोडी आहे. नुसता निर्वाळा देऊन थांबले नाहीत, चष्मा पुसून वाचूनही दाखवली. त्यांच्या वाचनाप्रमाणे तो कुणाच्या तरी शेतसाऱ्याच्या बाकीचा मजकूर होता.

उजेड मोजण्यासाठी या कॅमेऱ्याच्या कपाळावर सेलेनियमचा एक पट्टा असतो. उजेड पडला की काटा हलतो. बॅटरी लागत नाही. पण हे सेलेनियम इतक्या वर्षांत उजेडाला कंटाळलेलं. काटा हलायचा, पण मनापासून नाही. मोजमापाची वाट बंद झाल्यावर उरला अंदाज. नवशिक्याच्या मागे लागणारी दोन आकड्यांची शुक्लकाष्ठं इथूनच सुरू होतात.

पहिलं शटरचं. पडदा किती वेळ उघडायचा, त्याचे आकडे 30, 60, 125, 250, 500. हे सेकंदाचे भाग आहेत. म्हणजे 500 म्हणजे सेकंदाचा पाचशेवा हिस्सा. दुसरं लेन्समधल्या भोकाचं, ज्याला ॲपर्चर म्हणतात. त्याचे आकडे 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16. यात गंमत अशी की आकडा जितका मोठा तितकं भोक लहान, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा. शेजारचे निवृत्त गणिताचे गुरुजी हे आकडे पाहून खूश झाले. प्रत्येक आकड्याला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण 1.4 ने गुणलं की पुढचा आकडा येतो, हे त्यांनी भिंतीवर खडूने सिद्ध केलं. तरी आकडा वाढल्यावर उजेड घटतो कसा, हे सौ.ला पटेना. तेव्हा दूध घालायला आलेला शेतकरी दारातूनच म्हणाला, “वहिनी, हे आमच्या सोयाबीनवाणी हाये. पीक वाढलं की पैसा कमी.” गुरुजींच्या खडूला जे जमलं नाही ते बाजारभावाने केलं.

आता या दोन आकड्यांची जोडी लावायची कशी? त्याला जगभरचे फोटोवाले एक ठोकताळा वापरतात. भर उन्हात भोक 16 वर ठेवायचं आणि शटरचा आकडा रोलच्या संवेदनशीलतेच्या आकड्याच्या आसपास. रोल 400 चा असेल तर शटर 500. थोडं मळभ असेल तर भोक 11, ढग दाटले तर 8, सावलीत त्याहून मोठं. रोलच्या खोक्यावर सूर्य-ढगांची चित्रं काढून हेच सांगितलेलं असायचं. हा ठोकताळा ज्या देशांत रुळला तिथं ऊन पडणं ही बातमी असते. आमच्याकडे ऊन न पडणं ही बातमी असते. शिवाय आमचा जिल्हा दोन मजली आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा भाग घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा घाटाखालचा. आबा मूळचे घाटाखालचे. त्यांनी बजावलं, “इथलं ऊन सोळाचं असन. आमच्या खालचं ऊन बावीसच्या खाली नाई.” ऊन तापलं म्हणजे उजेड वाढत नाही, उष्णता वेगळी आणि प्रकाश वेगळा, असं भाच्याने शास्त्र सांगितलं. मे महिन्यात खामगावच्या बसस्टँडवर उभं राहिलेल्या माणसाला हे शास्त्र सांगून पाहावं.

मे महिन्याची खरी भानगड दुसरीच आहे. महिन्याच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य आमच्या जिल्ह्यात नेमका डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाऊन बसते. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते आणि टोपीवाल्या माणसाला चेहराच उरत नाही. त्या वेळी काढलेल्या फोटोत सगळे नातेवाईक घोर चिंतेत दिसतात. त्यातले काही असतातही.

तरी मला वाटतं, हा कॅमेरा जन्माला रशियात आला असला तरी त्याची कुंडली आमच्या जिल्ह्याशी जुळते. कारण अंदाज हा आमचा पिढीजात धंदा आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथं शेतात घटमांडणी होते. गोलाकार धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, पुरी वगैरे ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय भिजलं, ते पाहून पाऊस, पीक, राजा आणि परचक्र यांचं भाकीत सांगतात. याला शास्त्राधार नाही, असं शास्त्रवाले दरवर्षी सांगतात आणि ते भाकीत दरवर्षी पेपरात छापून येतं. खामगावच्या बाजारात कापसाची चिमूट बोटांनी ओढून धागा केवढा निघेल हे सांगणारे व्यापारी आहेत. आभाळाकडे पाहून पेरणी करायची की थांबायचं हे तर प्रत्येक बांधावर ठरतं. एवढं असून आम्हाला कॅमेऱ्याचं भोक ठरवता येऊ नये?

येतं. आबांनी ते करून दाखवलं. भाच्याच्या मोबाईलमध्ये उजेड मोजायची सोय होती. कॅमेऱ्याचा काटा थकल्यावर तो चोरून तिचा आधार घ्यायचा. एका संध्याकाळी आबांनी अंगणात हात धरला, बोटांची सावली पाहिली आणि म्हणाले, “दुपारच्या निम्मा राह्यला.” भाच्याने मोबाईलवर पाहिलं. बरोबर एक पायरी कमी. निम्मा. मग आबांची सावली-अधिकारी म्हणून बिनविरोध नेमणूक झाली. फोटो काढण्याआधी भाचा विचारायचा, “आबा, किती?” आबा हात धरायचे आणि ‘अकरा’, ‘आठ’ असं तोलून बोलायचे. वीस वर्षांत त्यांना घरात कुणी आकडा विचारला नव्हता.

फरक एवढाच, की आमचे बाकीचे अंदाज चुकले तरी चालून जातं. पाऊस पडला नाही तर ढग पुढे गेले; भाव पडला तर सरकारचं धोरण चुकलं. या कॅमेऱ्यात अंदाज करताना आकड्यावर बोट ठेवावं लागतं, आणि तो आकडा फोटोवर कायमचा उमटून राहतो. अंधार झाला तर अंधार, पांढरा पडला तर पांढरा. धोरणाला दोष देता येत नाही. आमच्याकडे हा कॅमेरा पुढाऱ्यांच्या हाती कुणी का देत नाही, ते मला तेव्हा कळलं.

या कॅमेऱ्याची दुसरी तऱ्हा म्हणजे त्याची पाठ. कुठल्याही लहान पोराचा फोटो काढा. ‘खटॅक’ आवाज झाला की ते धावत येतं आणि कॅमेऱ्याची मागची बाजू पाहतं. तिथं काळं कातडं. पोरगं कॅमेरा हलवून पाहतं, मग आपल्याकडे पाहतं. फसवणुकीची पहिली जाणीव त्याच्या डोळ्यांत तेव्हा उमटते. मोठी माणसं धावत येत नाहीत, पण चौकशी तीच करतात.

“आला का?”

“कळेल.”

“कधी?”

“रोल संपल्यावर, धुतल्यावर.”

“मग संपव ना लवकर. भिंतीचे काढ.”

झाकण उघडलं तर उजेड लागून रोल जातो, हे सौ.ला दहादा सांगितलं. तिचा प्रस्ताव असा, की अगदी थोडंसं उघडायचं, तिने एकटीनेच पाहायचं आणि कुणाला सांगायचं नाही.

लोणारला गेलो तेव्हा या कॅमेऱ्याने खरा रंग दाखवला; अर्थात काळा आणि पांढरा, कारण रोल कृष्णधवल होता. तिथलं विवर उल्का आदळून झालेलं, काठापासून काठापर्यंत साधारण पावणेदोन-दोन किलोमीटर. काठावर उभं राहिलं की नवशिक्याचे सगळे प्रश्न सुटतात. लेन्सवर आडवा आठ काढलेला असतो; तो म्हणजे अनंत. समोर सगळंच लांब असल्यामुळे लेन्स आडव्या आठावर ठेवायची आणि निश्चिंत व्हायचं. पण मग लक्षात येतं, की झेनिटच्या 58 मिलिमीटरच्या लेन्समध्ये एवढं मोठं विवर मावत नाही. मागे सरकावं तर विवरच नजरेआड होतं. तुकड्यातुकड्यांनी काढू, असं ठरलं. त्यावर मतं पडली. एका विवराला चार फोटो, म्हणजे 36 फोटोंच्या रोलचा नववा हिस्सा, हा उधळेपणा आहे असं सौ.चं म्हणणं. उल्का एकदाच पडली, फोटोही एकच काढ.

2020 च्या जून महिन्यात लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो प्रताप, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या संशोधकांनी काढला. तेव्हा मोबाईलवर ते फोटो इतके फिरले, की काहींनी गुलाबी आणखी गुलाबी करून पाठवलं. कृष्णधवल रोलला हा मोहच नाही. लोणारच्या पाण्याने कुठलाही रंग घ्यावा, रोलला तो करडाच. भाच्याला यात थोर प्रामाणिकपणा दिसला. आबांना रोलचे पैसे कमी पडले असावेत असं वाटलं.

तिथली वानरं मात्र अनंतावर थांबत नाहीत. झेनिटने वानराचा फोटो काढायची रीत अशी: आधी खटका ओढून रोल पुढे न्यायचा. मग शटरचा आकडा लावायचा, कारण या कॅमेऱ्यात तो खटका ओढल्यानंतरच लावायचा असतो. मग भोक पूर्ण उघडायचं, म्हणजे आत पाहताना अंधार होत नाही. मग लेन्स फिरवून वानर स्पष्ट करायचं. मग भोक ठरलेल्या आकड्यापर्यंत बंद करायचं. आता आत काळोख. मग श्वास रोखून बटण दाबायचं. वानराने हे सगळं कुतूहलाने पाहिलं, चौथ्या पायरीला ते उठलं आणि सहाव्या पायरीला त्याने आमच्या पिशवीतली केळी घेतली. दैत्यसूदनाच्या देवळाने मात्र भाच्याला हवा तेवढा वेळ दिला. नवशिक्याने देवळं, डोंगर आणि झोपलेले आजोबा यांवर हात बसवावा, असं माझं मत झालं.

दादासाहेब फाळक्यांनाही हे उमगलं असावं. 1912 साली लंडनहून हाताने फिरवायचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी एकदम हरिश्चंद्राला हात घातला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित केली. वाटाणा जागचा हलत नाही, मानधन मागत नाही आणि ‘आला का’ असं विचारत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ पुढच्या वर्षी आला.

आमच्या डोंगररांगेत तर हा नाद त्याहून जुना. अजिंठ्याची लेणी आमच्या डोंगराच्याच पलीकडच्या कुशीत. तिथली चित्रं उतरवून घ्यायला 1844 साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी नेमला. त्याने तैलरंगात भल्यामोठ्या नकला केल्या, वर्षानुवर्षं केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि 1866 च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मधल्या काळात गड्याने कॅमेरा हाती घेतला होता. त्याच्या फोटोंची पुस्तकं 1864 सालीच छापून झाली होती. जन्माची चित्रं गेली आणि उत्तरवयात धरलेला कॅमेरा कामी आला. त्या काळी काचेवर रसायन ओतून ती ओली आहे तोवरच फोटो घेऊन धुवावा लागे. आमच्याकडच्या वैशाखात ओली गोष्ट किती वेळ ओली राहते, ते गच्चीवरच्या कुरडयांना विचारावं. गिलचा शेवट 1879 साली झाला आणि त्याची कबर भुसावळला आहे. पारो नावाच्या अजिंठ्याकडच्या मुलीवर तो भाळला होता, ही कथा आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्याचे फोटो फारसे कुणी पाहिलेले नाहीत.

रोलच्या काळात फोटो ही मोजून वाढायची वस्तू होती. रोल 36 फोटोंचा. लग्नघरचा यजमान फोटोग्राफरला ‘दोन रोल’ असं सांगे, आणि वधूवर, मंगलाष्टकं, सूनमुख, व्याही-विहिणी असं करता करता रोल संपत आले की दूरच्या नातेवाइकांचा लोंढा मंचावर चढे. त्यांना नाही म्हणता येत नसे. तेव्हा अनुभवी फोटोग्राफर कॅमेरा रोखी, मान तिरकी करायला सांगी आणि नुसता फ्लॅश उडवी. आत रोल पुढे सरकतच नसे. माणसं तृप्त होऊन पंगतीला जात. माझी नांदुऱ्याची आत्या या प्रकाराची सगळ्यात मोठी बळी आहे. तिचं म्हणणं, “पन्नास लग्नात उभी राह्यली मी. शालू नेसून. एका अल्बमात नाई!” ती दूरची नव्हती, पण ऐन वेळी दूरचा वाटावा असा तिचा स्वभाव आहे.

म्हणून नांदुऱ्याला भाच्याने तिचा फोटो काढायचं ठरलं तेव्हा ती आधी म्हणाली, “रोल हाये ना आत? दाखव.” उघडून दाखवता येत नाही, हे ऐकल्यावर तिचा संशय पक्का झाला. शेवटी खटका ओढताना गुंडाळीची फिरकी फिरते, म्हणजे आत रोल सरकतो आहे, हे तिला डोळ्यांनी दाखवलं. मग ती हायवेलगतच्या मारुतीपुढे उभी राहायला तयार झाली.

नांदुऱ्याचा हा मारुती 105 फुटी. आत्या पाच फुटांच्या आतली. फोटोशास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न तो हाच. मारुती पूर्ण घ्यायचा तर इतकं मागे जावं लागतं, की आत्याची तुळशीची माळ काय, आत्याच दिसत नाही. आत्या नीट घ्यायची तर मारुतीचे घोटे येतात. भाच्याने कॅमेरा उभा धरला, आडवा धरला, गुडघ्यावर बसला, शेवटी रस्त्याकडेला चक्क पालथा पडला. येणारे-जाणारे आधी देवाला आणि मग त्याला नमस्कार करू लागले. शेवटी त्याने विचारलं, “आजी, एकच मावतो. कोण घेऊ?” आत्या क्षणभरही थांबली नाही. “मले घे. मारुतीले समदे ओळखतात.”

रोल संपत आला तसा घरात अर्ज येऊ लागले. मोबाईल असता तर कुणी मागितलंही नसतं. मोबाईलवाला फोटो काढायला लागला की आजकाल माणसं लाजत नाहीत, वळूनही पाहत नाहीत. इथं पाच-सहा फोटो उरले होते आणि गरजू पुष्कळ होते. सौ.ला तुळशीवृंदावनाशेजारी हवा होता. दूधवाल्याला नव्या ट्रॅक्टरसोबत. गुरुजींना भिंतीवरच्या त्या वर्गमुळासोबत. आबा काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी भाच्याला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, “माया एक बरा फोटो काढून ठेव. भितीवर लावाले.”

भाच्याला अर्थ कळायला वेळ लागला. कळल्यावर तो गडबडला, “आबा, असं काय बोलता!” आबांना त्यात बोलण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्यांच्या मित्रांपैकी एकाचा फोटो म्हणे ऐन वेळी मिळाला नाही, तेव्हा कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केला. खांद्यावर दुसऱ्याचाच हात राहून गेला आणि तेरा दिवस लोक तो हात कुणाचा याचीच चर्चा करत बसले. तशी वेळ आबांना यायला नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरा सदरा आणि टोपी घालून ओसरीत खुर्चीवर बसले. उन्हाची तिरीप बाजूने येत होती. स्वतःच हात धरून त्यांनी सावली पाहिली आणि सांगितलं, “साडेपाच.” म्हणजे 5.6. भाच्याने शटर 125 वर लावलं, लेन्स फिरवली. सूचना आबांच्याच चालू होत्या. टोपी सरळ आहे का. मिशी दिसते का. मागची पाण्याची टाकी येऊ देऊ नको. आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना, “वरतून हाराले जागा सोड.”

“थोडं हसा ना, आबा.”

“भितीवरचे लोकं हासत नसतात.”

पण ‘खटॅक’ झालं तेव्हा त्या आवाजाने शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढून उठली, आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते रोलवर आलं की नाही, हे कुणाला सांगता येत नव्हतं. पुन्हा काढायला रोल नव्हता.

पुढचा भाग धुण्याचा. पूर्वी आमच्या गावच्या स्टुडिओत लाल दिव्याची खोली असे; तिथंच उटीचा ‘इंदू’ रोल विकत मिळे आणि तिथंच धुऊनही. आता त्या खोलीत लॅमिनेशनचं यंत्र आहे. स्टुडिओवाल्या काकांनी रोलची डबी हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, “मुंबईला पाठव.” रोल कुरिअरने गेला. रोलच्या किमतीत आणि धुण्याच्या खर्चात घरादाराचे पासपोर्ट फोटो दोनदा झाले असते, हा हिशेब सौ.ने तेवढ्यात केला.

न आलेले फोटो फार सुंदर असतात. त्या काळात घरातल्या प्रत्येकाला आपला फोटो कसा आला असेल हे स्वच्छ दिसत होतं. आत्या रोज फोन करून मारुती आला का विचारायची. स्वतःबद्दल तिला शंकाच नव्हती. आबांनी भिंतीवरच्या खिळ्याची जागा ठरवली, मग बदलली, कारण तिथून टीव्ही नीट दिसला नसता. कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही.

आणि एका दुपारी फोटो आले. मुंबईच्या लॅबने निगेटिव्ह मागाहून पाठवतो म्हणून कळवलं आणि सगळे फोटो स्कॅन करून भाच्याच्या मोबाईलवर पाठवले. भाच्याने ते घरच्या व्हॉट्सॲपच्या गटात टाकले. सौ.ने मोबाईल हातात धरला, एकेक फोटो बोटाने सरकवला आणि निरागसपणे विचारलं, “शेवटी मोबाईलवरच यायचे होते, तर मोबाईलनेच का नाही काढले?” भाच्याने उत्तर दिलं नाही. पुण्यात याला म्हणे अनुभव म्हणतात.

लोणारच्या चार तुकड्यांचे काठ एकमेकांशी जुळत नव्हते. वानराच्या फोटोत शेपूट होतं आणि ते उत्तम आलं होतं. गुरुजींचं वर्गमूळ वाचता येत होतं, गुरुजी पुसट होते. आत्या मात्र जन्माचं उट्टं काढून आली होती: शालू, माळ, कपाळावरची आठी, सगळं नीट, मागे मारुतीचे दोन भक्कम घोटे. तिने तो फोटो पन्नास लग्नांच्या घरच्यांना पाठवला.

आबांचा फोटो सगळ्यात शेवटचा होता. ओसरीतला उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, टोपी सरळ, मिशी टोकदार, वर हाराला ऐसपैस जागा. आणि ओठांच्या कोपऱ्यात म्हशीने आणलेलं हसू. आबांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला. आम्ही सगळे गप्प. भाचा हळूच म्हणाला, “आबा, भिंतीसाठी मोठा करून आणू?”

“थांब बावा,” आबा म्हणाले, “एवढा झकास आला, तं मराची घाई कायले करा? आधी आधार कार्डावरचा बदलून पाहू.”